आकडा येईपर्यंत

आमचे सर कुणाच्या घरी गेले की आधी छताकडे बघायचे आणि मग माणसाकडे. यजमान हात जोडून 'या, या' म्हणत उभा, आणि हे उंबऱ्यातच मान वर करून बीम कुठून कुठे गेलाय ते बघतायत. त्यांचं समाधान झालं की मग नमस्कार, मग चपला काढणं. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या माहेरी एका बारशाला तर त्यांनी गॅलरीत गर्दी करून उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना आत जायला लावलं होतं. "इथे एवढ्या जणी नको," एवढंच म्हणाले. कारण सांगितलं नाही. काकू तो प्रसंग पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ती गॅलरी अजून आहे हो तिथे. चांगली धडधाकट आहे."

सर म्हणायचे, "असू दे की. पडावी असं मी कुठे म्हटलं?"

मी त्यांच्याकडे कामाला लागले ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच झाला होता. सर स्ट्रक्चरल इंजिनीअर होते. बिल्डिंग दिसेल कशी ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी कशी राहील हे सर ठरवायचे. ऑफिस म्हणजे त्यांचं मुलुंडचं राहतं घर. हॉलमध्ये नकाशांची टेबलं आणि आतल्या खोलीत, काकूंच्या साड्यांच्या कपाटाला खेटून, कॉम्प्युटर. त्या अख्ख्या गल्लीत तेव्हा तो एकच होता. शेजारपाजारचे लोक पाहुण्यांना तो दाखवायला आणायचे.

कामाच्या टेबलाशी सर मला 'अहो' म्हणायचे आणि जेवणाच्या टेबलाशी 'अगं'. पंधरा पावलांत माणूस बदलायचा. "अहो, हा बीम कुणी काढला? पुसा." आणि मग आत गेल्यावर, "अगं, भात घे ना अजून, लाजतेस काय." मला सुरुवातीला हसू यायचं, पुढे सवय झाली.

कॉम्प्युटर गणित करत असला की ते बसायचे नाहीत. हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहायचे. मी एकदा खुर्ची सरकवली तर म्हणाले, "आत ऑपरेशन चाललेलं असताना बाहेर कुणी आरामात बसतं का?" प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. बिल्डिंगचे पिलर, बीम, मजले, सगळी मापं मी भरायची, आणि मग प्रत्येक पिलरवर किती भार येतो नि तो पेलेल की नाही, हे त्यातून निघायचं. साध्या चार मजल्यांच्या इमारतीला काकूंचा चहा उकळून कपात येईपर्यंतचा वेळ लागे.

त्यांचं एक तत्त्व होतं: एका वेळी एकच गोष्ट हलवायची. हे फक्त कामापुरतं असतं तर चाललं असतं. दिवा लागला नाही तर बल्ब आणि फ्यूज दोन्ही एकदम बदलायला त्यांची बंदी होती. आमटी बिघडली म्हणून काकूंनी एकदा गूळ आणि मीठ एकदम घातलं. आमटी सुधारली. सर जेवता जेवता म्हणाले, "छान झाली, पण आता आपल्याला कधीच कळणार नाही कशाने." काकूंनी वाढणं थांबवलं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

घाटकोपरच्या त्या इमारतीचं काम आमच्याकडे आलं ते एका संध्याकाळी, घाईघाईत. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत स्वतः धावत आले होते. तळमजल्यावर भांड्यांचं दुकान होतं. दुकानदाराने शटर रुंद करायला मधली भिंत पाडली होती आणि ती पाडताना कोपऱ्यातला पिलरही एका अंगाने तासून घेतला होता. तो माणूस गावाला निघून गेला, आणि आठवड्याभरात पहिल्या मजल्यावर भिंतींना तडे दिसायला लागले.

आम्ही त्याच दिवशी जाऊन आलो. सरांनी पिलरला कान लावला, बोटांनी ठोकलं, मापं मला सांगितली. दुकान बंद ठेवा, त्या बाजूच्या खोल्यांमध्ये कुणी झोपू नका, असं बजावलं. लोखंडी टेकू घेऊन कंत्राटदार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

"पण सर, आम्ही राहायचं की जायचं?" सावंतांनी विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत आकडा देतो."

तिथे बहुतेक सगळी कोकणातली कुटुंबं. वर्षानुवर्षं गिरणीत घालवून, परळ-लालबागची खोली विकून ही जागा घेतलेली. आकडा मिळाल्याशिवाय कोण कशाला हलेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी मापं भरली आणि गणित सुरू केलं. सर हात मागे बांधून उभे राहिले. पहिला मजला झाला, दुसरा झाला. काकूंनी चहा आणून ठेवला. आणि मग पडदा जणू थिजला. बंद पडला नव्हता; एक ओळ यायची, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक ओळ. पिवळसर अक्षरं एकेक करून उमटताना दिसत होती. असं आम्ही पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"मापं चुकली असतील?" मी विचारलं.

"मापं चुकली तर उत्तर चुकेल. चाल कशाला बदलेल?"

त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. सुरुवातीला सगळं झरझर चाललं. मला हायसं वाटलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

अंधेरीचा जो माणूस मशीन दुरुस्त करायचा त्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो. सरांनी फोन ठेवला आणि कॅबिनेटचे स्क्रू काढायला घेतले. तापत असेल, असा त्यांचा पहिला अंदाज. झाकण काढून टेबलफॅन थेट आत रोखला. सुरू केलं. अर्धा तास बरा गेला आणि पुन्हा मशीन रांगायला लागलं. सरांनी आत हात घालून पाहिलं.

"तापणारी गोष्ट हळूहळू मंद होते. हे एकदम झालं. उष्णता नव्हे." त्यांनी फॅन बंद केला. तो चालू ठेवून पुढचं काही करून बघणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग व्होल्टेज. मला स्टॅबिलायझरच्या काट्यासमोर बसवलं. काटा हलला नाही, आणि मशीन मात्र ठरल्यासारखं मंदावलं.

तेवढ्यात फोन वाजला. सावंत इमारतीसमोरच्या केमिस्टकडून बोलत होते. "सर, आकडा?"

"मशीन अडलंय. थोडा वेळ लागेल."

"किती?"

"माहीत नाही."

मी समोर होते. 'तासाभरात देतो' असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. कुणीही म्हणालं असतं. सरांना ते जमायचं नाही.

दुपारी जेवायला कुणी उठलं नाही. काकूंनी ताटं वाढली आणि झाकून ठेवली. सरांनी आता कपाटातून मूळ फ्लॉप्या काढल्या. प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहून झाला तेव्हा त्यांनी त्याची एक प्रत करून, तिच्यावर पुन्हा काही लिहिलं जाऊ नये म्हणून खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवली होती. मशीन त्या जुन्या फ्लॉप्यांवरूनच सुरू केलं, आतल्या हार्ड डिस्कला हातही लावायचा नाही असं ठरवून. फ्लॉपीवरून काम तसं संथच चालतं. पण अर्धा तास उलटला, आणखी गेला, चाल होती तीच राहिली. म्हणजे मशीन धडधाकट होतं. दुखणं हार्ड डिस्कवरच्या कशात तरी होतं.

ते कशात, हे सरांना लगेच बघायचं होतं. चालू गणित त्यांनी थांबवलं. मी म्हणाले, "सर, आधी आकडा घेऊया ना, मग शोधू."

"आजारी माणसाने दिलेली साक्ष आणि धडधाकट माणसाने दिलेली, यातला फरक कळायला नको? दोन मिनिटं थांबा."

त्यांनी हार्ड डिस्कवरच्या प्रोग्रॅमची नोंद पडद्यावर आणली आणि मूळ फ्लॉपीवरचीही. नाव तेच, पण हार्ड डिस्कवरचा प्रोग्रॅम आकाराने मोठा होता. तो त्यांनी एकदा चालवून पाहिला. तो आणखी थोडा फुगला. मी बघतच राहिले. त्या प्रोग्रॅममध्ये कुणी एक अक्षरही घातलेलं नव्हतं.

"रिकाम्या खोलीचं वजन वाढत असेल," सर हळू आवाजात म्हणाले, "तर कुणीतरी आत राहायला आलंय."

व्हायरस हा शब्द तेव्हा आम्हाला तापापुरताच माहीत. सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की कॉम्प्युटरलाही असलं काही होतं, फ्लॉपीवरून येतं आणि आत शिरून पसरत जातं. त्यांनी मला विचारलं, "बाहेरची कुठली फ्लॉपी आत गेली?"

"मी नाही घातली, सर."

 मग नकाशांच्या ड्रॉवरमधून, ट्रेसिंग पेपरच्या खालून, त्यांनी एक फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. "बुद्धिबळ," म्हणाले. "एका मित्राने दिली. तुम्ही संध्याकाळी घरी गेलात की खेळतो." कान लाल झाले होते. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उठून मशीन बंद केलं, मूळ फ्लॉपी पुन्हा आत सरकवली आणि गणित पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हाच दुसरा फोन आला. सावंतांचा आवाज बदललेला होता. पहिल्या मजल्यावरच्या राणे आजींच्या खोलीचा दरवाजा उघडेना झाला होता. चौकट दबली होती. चौघांनी खांदे लावून आजींना बाहेर काढलं.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. गणित पहिल्या मजल्यावर होतं. फ्लॉपीवरून ते पुरं व्हायला संध्याकाळ होणार होती.

त्यांनी काकूंना हाक मारली. "इथे बस. शेवटच्या ओळीत आकडा येईल. एकच्या वर असला तर पिलर टिकेल, खाली असला तर नाही. वाचायचा आणि या नंबरवर केमिस्टला फोन करून सांगायचा."

"मी त्याला हात नाही लावणार," काकू म्हणाल्या.

"लावायचाच नाही."

आम्ही दोघं रिक्षाने निघालो. मुलुंडहून घाटकोपर एरवी लांब वाटत नाही, त्या दिवशी वाटलं.

इमारतीखाली माणसं जमली होती. आणि तितकीच वरही होती. गॅलऱ्यांतून खाली बघत होती. सर पोचताच सावंतांनी विचारलं, "आला?"

"नाही. आकड्यासाठी थांबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, आत्ता."

"सर, काल तुम्हीच म्हणालात आकडा बघून ठरवू. आता आकडा नाही तरी निघा म्हणता. माझ्या शेजारी अर्धांगाचा पेशंट आहे. त्याला उचलून न्यायचं कुठे?"

समोरच्या शाळेचा हॉल मिळतोय, असं केमिस्टने मध्येच सांगितलं. पण गर्दीतून कुणीतरी विचारलं, "दिवसभर तुमचं मशीन काय करत होतं?"

मी मनात म्हटलं, आता तरी सांगू नका. सर म्हणाले, "मशीन आजारी पडलं. माझ्यामुळे. मी त्यावर बुद्धिबळाचा खेळ खेळत होतो, त्यातून रोग आला."

 मग एकजण हसला. "वाट लागली. हे गेम खेळणार नि आम्ही घरं खाली करणार." दुसरा म्हणाला, "चला रे वर." आणि माणसं खरंच जिन्याकडे वळली. सावंत डोक्याला हात लावून उभे राहिले. सरांचा शब्द तिथे संपला होता, आणि तो त्यांनी स्वतःच संपवला होता.

सर दुकानाच्या अर्धवट उघड्या शटरखालून वाकून आत गेले. मी मागोमाग गेले. आत भांड्यांच्या मांडण्या, धूळ, आणि कोपऱ्यात तो तासलेला पिलर. त्याच्या पायाशी कालच्यापेक्षा जास्त चुरा पडलेला. सरांनी दुकानदाराचं स्टूल ओढलं आणि पिलरला पाठ लावून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना, आकडा यायचा बाकी असताना, बसलेलं पाहिलं.

"सावंत," त्यांनी आतून हाक मारली, "सगळ्यांना सांगा मी इथे बसलोय. शेवटचा माणूस बाहेर पडला की मी उठेन."

"सर, काय करताय हे? बाहेर या."

"ते बाहेर आले की."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तू जा. समोर फोनजवळ थांब."

मी गेले.  रस्त्यापलीकडून शटरखालच्या फटीत मला फक्त त्यांचे बूट दिसत होते.

सावंत जिन्याने वर धावले. गॅलरीतली डोकी आत गेली, पुन्हा बाहेर आली. वरून बोलण्याचे, भांडणाचे आवाज येत होते. एक बाई दोन मुलांना घेऊन खाली उतरली, तिच्या मागे आणखी एक कुटुंब. मघाशी हसलेला माणूस खाली आला, शटरशी वाकून आत बघितलं, आणि काही न बोलता वर जाऊन अर्धांगाच्या पेशंटला खुर्चीसकट उचलायला लागला.

अर्ध्याहून जास्त लोक अजून आत होते तेव्हा केमिस्टकडचा फोन वाजला. काकू होत्या. त्यांनी एकेक अंक सुटा करून वाचला. एकच्या वर होता, अगदी जरासा. पिलर टिकणार होता.

सावंत खाली येऊन माझ्याजवळ उभे होते. त्यांनी माझा चेहरा वाचला. "काय आला?"

मी सरांकडे गेले. शटरशी वाकून सांगितलं. सावंत मागेच होते, आणखी चार जण होते.

"म्हणजे टिकेल," सावंत म्हणाले. "मग झालं ना, सर. उठा."

सरांचा चेहरा पांढरा होता.  "आकडा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी मशीनला आतल्या सळ्या नकाशात आहेत तशा सांगितल्या. त्या आत कशा आहेत हे मी पाहिलेलं नाही. माझ्या पाठीला हा पिलर हलल्यासारखा लागतोय. मला भीती वाटतेय, सावंत. लवकर करा."

सावंत पुन्हा वर पळाले. त्यानंतर मात्र माणसं भराभर उतरली. गाठोडी, देवाचं तबक, पाण्याची कळशी, हाताला जे लागलं ते घेऊन. सगळ्यात शेवटी सावंत स्वतः. त्यांनी हात हलवून इमारत रिकामी झाली अशी खूण केली.

सर उठले नाहीत. आम्ही हाका मारल्या. त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत. कुणी पुढे व्हायला धजेना. तेवढ्यात राणे आजी, ज्यांना दुपारी दार फोडल्यागत बाहेर काढलं होतं, शाळेच्या दारातून सरळ रस्ता ओलांडून आल्या. मी अडवायला गेले तर माझा हात बाजूला केला, शटरखालून आत शिरल्या.

"आमी सगळी भायर इलाव," त्या म्हणाल्या. "आता तुमी कित्याक बसलास हय? उठा."

"पायात जोर नाही," सर म्हणाले.

आजींनी त्यांच्या काखेत हात घातला. मग मीही आत गेले आणि दुसरी बाजू धरली. तीन माणसं एकमेकांना धरून वाकत बाहेर आलो. सर रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांना उलटी झाली. आजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

टेकू उजेड असतानाच आले. चारी बाजूंनी ते लावून झाल्यावर कंत्राटदाराने तासलेल्या बाजूचं प्लास्टर छिन्नीने उडवलं. आतल्या सळ्यांचे गंजून पापुद्रे झाले होते. एक त्याने चिमटीत धरली तर ती तुटून चिमटीतच राहिली. सगळे बघत होते. सरही. इमारत पडली नाही. पुढे तिची दुरुस्ती झाली, माणसं परत राहायला गेली. टेकू आले नसते तर ती पडलीच असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. सरांना पुढे कुणी हे विचारलं की ते म्हणायचे, "नाही पडली, हेच बरं. बरोबर ठरायची मला हौस नाही."

आम्ही मुलुंडला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू अजून मशीनसमोर, खुर्चीच्या टोकावर, हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर तो आकडा तसाच होता. बंद कसं करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि सोडून जायचा धीर झाला नव्हता. सरांच्या शर्टाच्या पाठीवर चुना होता. तो त्यांना दिसला नाही.

"मी नीट वाचला ना?" त्यांनी विचारलं. "दोनदा बघून घेतला, मग फोन केला."

"अगदी नीट वाचलास."

"एकच्या वर होता. म्हणजे बिल्डिंग ठीक आहे ना?"

सरांनी मशीनचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आत कुणी नाही."